सांगून झालेलं आणि उमगायचं राहिलेलं : प्रस्तावना

देव नेमकं काय बोलला, ते बोलणं पूर्ण झालं की अजून चालू आहे, आणि चालू असेल तर ते ओळखायचं कसं, या प्रश्नांवर हे पुस्तक आहे. विषय धर्मशास्त्राचा खरा, पण यवतमाळ जिल्ह्यातल्या कॅथलिक माणसाची त्याच्याशी गाठ पडते ती एसटीत, आठवडी बाजारात, नात्यातल्या लग्नाच्या पंगतीत. प्रॉटेस्टंट व्याही विचारतात, "तुमची रोजरी, तुमचा पोप, हे बायबलात कुठं लिहिलंय ते दाखवा." शेजारचे वारकरी काका विचारतात, "तुमचा देव दोन हजार वर्षांमागं बोलला, मग पुढं गप्प का बसला?" या दोघांना उत्तर देता आलं नाही तरी फारसं बिघडत नाही, चहा होतो आणि माणसं आपापल्या घरी जातात. तिसरा प्रश्न मात्र घरातूनच येतो आणि तो दबक्या आवाजात येतो. "त्या प्रार्थनासभेत एकानं डोळे मिटून सांगितलं, देव त्याच्याशी बोलला म्हणे. आपल्या घरावर शाप आहे, अमुक इतकं दान दिलं की सुटेल. खरं असेल का हो?"

हे पुस्तक या तिसऱ्या प्रश्नापोटी लिहिलं आहे. त्या प्रश्नामागे बहुतेक वेळा थकलेलं कर्ज असतं, दवाखान्याचं बिल असतं, बोंडअळीनं खाल्लेला कापूस असतो. अशा घरात "देवानं मला सांगितलं" हे तीन शब्द फार जड पडतात. ते कोण म्हणू शकतो, म्हणाला तर दुसऱ्यानं ते कितपत मानायचं, याची कॅथलिक ख्रिस्तसभेची ठरलेली शिकवण आहे. ती आपल्या माणसांपर्यंत नीट पोचलेली नाही, याची मला खंत आहे.

ती शिकवण थोडक्यात अशी : साऱ्या मानवजातीसाठी देवाला आपल्याबद्दल जे उघड करायचं होतं ते येशू ख्रिस्तात पूर्ण उघड झालं. शेवटचा प्रेषित गेला तेव्हा ते सार्वजनिक प्रकटीकरण पुरं झालं. त्यात आता कुणी भर घालू शकत नाही, पोपही नाही. पण जे सांगून झालं ते समजून घेणं संपलेलं नाही. ते उमगत जाणं, जगण्यात उतरत जाणं, नव्या काळातल्या नव्या पेचांत त्याचा अर्थ लागणं हे चालूच आहे, आणि त्या वाटेवर पवित्र आत्मा ख्रिस्तसभेला धरून चालवतो. या शिकवणीची दोन अंगं आहेत. पहिलं अंग गरीब माणसाचं संरक्षण करतं, दुसरं त्याला काम देतं. माझं म्हणणं एवढंच आहे, आणि पुढची सगळी प्रकरणं त्याभोवती फिरतात.

आधी आपल्या जागेविषयी. यवतमाळ जिल्हा अमरावती धर्मप्रांतात येतो. नागपूरचा धर्मप्रांत 1887 मध्ये झाला आणि त्यातून 1955 मध्ये अमरावतीचा वेगळा निघाला. या भागात कॅथलिक श्रद्धा रुजवण्यात संत फ्रान्सिस डी सेल्स यांच्या नावाच्या मिशनरी संघाचा मोठा वाटा आहे. आपली घरं थोडी आणि पांगलेली आहेत. पण बायबलचा अभ्यास या जिल्ह्याला परका नाही. 1953 पासून 1983 पर्यंत, म्हणजे तब्बल तीस वर्षं, युनियन बिब्लिकल सेमिनरी ही प्रॉटेस्टंट पंथांची मोठी संस्था यवतमाळात होती. पुढं ती पुण्याला गेली. देशभरातले विद्यार्थी इथं येऊन हिब्रू आणि ग्रीक शिकले. पवित्र शास्त्राविषयीचा हा आदर कॅथलिकांनी मोकळ्या मनानं मान्य करावा. व्याह्यांचा प्रश्न टोमणा म्हणून झटकून टाकण्यासारखा नाही, त्यामागे मोठी परंपरा उभी आहे.

त्या प्रश्नाचं उत्तर द्यायला प्रकटीकरण म्हणजे काय इथून सुरुवात करावी लागते. पुष्कळांना वाटतं की प्रकटीकरण म्हणजे देवानं वरून धाडलेली माहिती : अमुक माना, तमुक करू नका. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचा 'देई व्हेर्बुम' हा दस्तऐवज वेगळी गोष्ट सांगतो. देवानं स्वतःला दिलं, आणि ते कृतींतून व शब्दांतून, दोन्ही एकमेकांत गुंफून दिलं. मिसरातून सुटका ही कृती, तिचा अर्थ सांगणारे संदेष्टे हे शब्द. येशूचं कुष्ठरोग्याला हात लावणं ही कृती, डोंगरावरचं प्रवचन हे शब्द. इब्री लोकांना लिहिलेल्या पत्राची सुरुवातच अशी आहे की देव पूर्वी संदेष्ट्यांच्या द्वारे वेळोवेळी, नाना प्रकारे बोलला आणि शेवटी पुत्राच्या द्वारे बोलला. सोळाव्या शतकातले स्पॅनिश कार्मेलाइट संत योहान यांनी यावरून एक कडक निष्कर्ष काढला : आता जो देवाकडे नवं दर्शन किंवा नवा संदेश मागतो तो ख्रिस्ताकडे पाठ फिरवतो, कारण एकुलता पुत्र देऊन झाल्यावर देवापाशी आणखी द्यायला काही उरलेलं नाही. कॅथलिक धर्मशिक्षण-ग्रंथानं, कॅटेकिझमनं, हे वचन मुद्दाम उद्धृत केलं आहे. वारकरी काकांना द्यायचं उत्तरही यातच आहे. देव गप्प बसला असं आम्ही म्हणत नाही. त्यानं सगळंच देऊन टाकलं, असं म्हणतो.

मग हे सगळं आपल्यापर्यंत आलं कसं? इथं मला अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरची आठवण होते. चक्रधरस्वामी गेल्यानंतर त्यांच्याजवळ राहिलेली, त्यांचं बोलणं ऐकलेली माणसं हयात होती. म्हाइंभटांनी तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांना गाठून, विचारून विचारून एकेक लीळा गोळा केली. कुणाची आठवण वेगळी असेल तर तीही नोंदवली, आणि नागदेवाचार्यांच्या देखरेखीखाली 'लीळाचरित्र' सिद्ध केलं. आधी स्वामी, मग त्यांच्या शब्दांवर जगणारी मंडळी, मग त्या मंडळींच्या आठवणीतून ग्रंथ, असा हा क्रम आहे. विदर्भातल्या वाचकाला तो वेगळा समजावून सांगावा लागत नाही. नव्या कराराचा क्रमही तोच आहे. येशूनं स्वतः एकही ओळ लिहून ठेवली नाही. थेस्सलनीकाकरांना पौलानं लिहिलेलं पहिलं पत्र हे बहुधा नव्या करारातलं सर्वांत जुनं लिखाण, आणि ते क्रुसावरच्या मृत्यूनंतर सुमारे वीस वर्षांनी, इसवी सन 50 च्या आसपास लिहिलं गेलं. त्या वीस वर्षांत ख्रिस्तसभा होती, बाप्तिस्मा होता, भाकर मोडणं होतं, प्रवचन होतं. नवा करार तेवढा नव्हता.

साम्य इथवरच आहे, पुढं ताणू नये. कॅथलिक ज्याला पवित्र परंपरा म्हणतात ती नुसती आठवण नाही. प्रेषितांनी जे सोपवलं ते ख्रिस्तसभेच्या शिकवणुकीत, उपासनेत, जगण्यात जिवंत राहतं आणि ते राखणारा पवित्र आत्मा आहे, असं आम्ही मानतो. शास्त्र आणि परंपरा एकाच झऱ्यातून निघतात. व्याह्यांना नम्रपणे विचारावं की बायबलात कोणती पुस्तकं असावीत याची यादी बायबलात कुठं आहे? नव्या कराराची सत्तावीस पुस्तकं आज आहेत तशी एकत्र मोजलेली दिसतात ती अलेक्झांड्रियाचे बिशप अथनासियस यांच्या 367 सालच्या ईस्टरपत्रात. कॅथलिक बायबलातल्या त्र्याहत्तर पुस्तकांची यादी ट्रेंट परिषदेनं 8 एप्रिल 1546 रोजी शिक्कामोर्तब करून जाहीर केली. कुणीतरी ऐकलं, पारखलं, ठरवलं. ते ठरवणाऱ्या ख्रिस्तसभेला देवानं वाट दाखवली यावर भरवसा नसेल तर हातातल्या पुस्तकावरचा भरवसाही डळमळतो.

ट्रेंटनंतरची चारशे वर्षं मात्र आपल्या बाजूनंही एक खोट राहिली. शास्त्र आणि परंपरा ही जणू दोन वेगळी गाठोडी आहेत, थोडं सत्य यात आणि थोडं त्यात, असं शिकवलं गेलं. सामान्य माणसाच्या हाती बायबल देण्याची हौसही फारशी नव्हती. ही खोट कशी निघाली ती हकीकत मला या विषयातली सर्वांत बोलकी वाटते, म्हणून तिला इथं थोडी जास्त जागा देतो.

नोव्हेंबर 1962 मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपुढे प्रकटीकरणावरचा मसुदा आला. त्याचं नावच 'प्रकटीकरणाचे उगम' असं अनेकवचनी होतं, म्हणजे जुनी दोन गाठोडी कायम. बिशपांच्या मोठ्या गटाला तो रुचला नाही. 20 नोव्हेंबरला चर्चा थांबवायची का यावर मत घेतलं तेव्हा 1368 जण थांबवा म्हणाले, 822 जण नको म्हणाले. थांबवायला दोन तृतीयांश मतं हवी होती, ती थोडक्यात हुकली. नियमाप्रमाणे बहुसंख्यांना नको असलेलाच मसुदा पुढं चालू राहायचा. दुसऱ्या दिवशी पोप तेविसावे जॉन यांनी हस्तक्षेप करून तो मागे घेतला आणि नव्यानं लिहिण्यासाठी एक संयुक्त मंडळ नेमलं. अध्यक्ष दोन : जुन्या मताचे कार्डिनल ओताव्हियानी आणि बायबलचे अभ्यासक कार्डिनल बेआ. एकमेकांच्या विरोधातली दोन माणसं एका मेजाशी बसवली. पुढं तीन वर्षं खल चालला. मध्येच पोप जॉन वारले आणि सहावे पॉल आले. अखेर 18 नोव्हेंबर 1965 रोजी 'देई व्हेर्बुम' मंजूर झाला तेव्हा बाजूनं मतं पडली 2344 आणि विरोधात फक्त 6.

देवाचं मार्गदर्शन म्हणजे काय, असं मला कुणी विचारलं तर मी ही हकीकत सांगतो. आकाशवाणी झाली नाही. कुणाला स्वप्न पडलं नाही. माणसं भांडली, मतदान झालं, मसुदे फाडले, पुन्हा लिहिले, विरोधकाचं ऐकून घेतलं, आणि त्या सगळ्या खटाटोपातून ख्रिस्तसभा आपल्याच विश्वासाच्या अधिक जवळ आली. ज्यांना देवाचं काम फक्त चमत्कारात दिसतं त्यांना हे फिकं वाटेल. मला ते फार मोठं वाटतं.

त्या दस्तऐवजातली दोन वाक्यं आपल्या कामाची आहेत. एक असं की ख्रिस्ताच्या गौरवी आगमनापूर्वी आता नवं सार्वजनिक प्रकटीकरण अपेक्षित नाही. दुसरं असं की ख्रिस्तसभेचा अध्यापनाधिकार, म्हणजे पोप आणि त्यांच्याशी एकरूप असलेले बिशप, देवशब्दाच्या वर नाहीत. ते त्याचे सेवक आहेत आणि जे सोपवलं गेलं तेवढंच शिकवतात. पोप काहीही ठरवू शकतात असं ज्यांना वाटतं, त्यांत काही कॅथलिकही आहेत, त्यांनी हे दुसरं वाक्य पुन्हा वाचावं.

समज वाढते कशी, तेही तिथंच सांगितलं आहे. विश्वासणाऱ्यांच्या चिंतनानं आणि अभ्यासानं, आध्यात्मिक गोष्टींच्या अनुभवानं, आणि प्रेषितांचा वारसा चालवणाऱ्यांच्या शिकवणुकीनं. यात विश्वासणाऱ्यांचं चिंतन पहिलं येतं. पुसदची एखादी आजी मरियेसारखं एखादं वचन मनात जपून वर्षानुवर्षं त्याचा विचार करते तेव्हा तीही या वाढीत सहभागी असते. पाचव्या शतकातले लेरँचे व्हिन्सेंट यांनी या वाढीला बालकाच्या वाढत्या अंगाची उपमा दिली होती : अवयव मोठे होतात, नवे फुटत नाहीत. इंग्लंडचे जॉन हेन्री न्यूमन यांनी 1845 मध्ये याच प्रश्नावर मोठा ग्रंथ लिहिला आणि तो लिहिता लिहिताच ते कॅथलिक झाले. खरी वाढ कोणती आणि बिघाड कोणता हे ओळखण्याच्या खुणा त्यांनी मांडल्या. त्यांवर या पुस्तकात स्वतंत्र प्रकरण आहे. अलीकडचं उदाहरण फाशीचं. ऑगस्ट 2018 मध्ये कॅटेकिझममधला परिच्छेद बदलून फाशीची शिक्षा अस्वीकार्य ठरवली गेली. शुभवर्तमानात नवं पान घातलं नाही. प्रत्येक माणूस देवाच्या प्रतिमेचा आहे हे आधीच सांगितलेलं सत्य इथवर येऊन पोचलं.

सगळ्यांत जवळचं उदाहरण दर रविवारी आपल्या डोळ्यांसमोर घडतं आणि म्हणूनच आपण त्याकडे बघत नाही. मिस्सामध्ये शुभवर्तमान सुरू होताना सगळे उभे राहतात. फादर पुस्तकावर अंगठ्यानं क्रूस काढतात, मग आपण सगळे कपाळावर, ओठांवर, छातीवर एकेक लहान क्रूस काढतो : हा शब्द माझ्या मनात, माझ्या बोलण्यात, माझ्या हृदयात राहो. मग तोच दृष्टांत येतो, वाचनपाठांच्या तीन वर्षांच्या चक्रात पुनःपुन्हा येणारा. पेरणाऱ्याची गोष्ट तीन वर्षांपूर्वी ऐकली तेव्हा पाऊस बरा होता. आज ऐकतो तेव्हा दुबार पेरणी झालेली असते. गोष्टीतला एक शब्दही बदललेला नाही, आणि तरी आज ती वेगळी ऐकू येते. ही मिस्सा मराठीत आहे, हेही परिषदेच्याच निर्णयाचं फळ.

मराठीत हा शब्द यायला मात्र परिषदेची वाट पाहावी लागली नव्हती. इंग्लंडातून आलेले जेझुइट थॉमस स्टीफन्स यांनी 'ख्रिस्तपुराण' मराठी ओवीत रचलं आणि 1616 मध्ये ते गोव्यात राशोलला छापलं गेलं. जुन्या कराराचं पहिलं पुराण, नव्या कराराचं दुसरं, सगळ्या मिळून जवळजवळ अकरा हजार ओव्या. आपल्या काळात वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी 'सुबोध बायबल' दिलं, ज्याला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. जानेवारी 2019 मध्ये यवतमाळात अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं, आणि त्यानंतरच्या उस्मानाबादच्या संमेलनाचे अध्यक्ष फादर दिब्रिटो होते. सांगून झालेलं प्रत्येक भाषेत, प्रत्येक पिढीत पुन्हा ऐकवावं लागतं. त्यासाठी आयुष्य वेचणारी माणसं आपल्या मराठीत झाली, याचा मला अभिमान आहे.

आता दर्शनं. कॅथलिक घरात लूर्दमाता असते, फातिमाची माळ असते, कुणी वेलंकणीला जाऊन आलेलं असतं. मग आम्ही नवा संदेश मानत नाही हे कसं? कॅटेकिझमचं उत्तर असं की अशी खासगी प्रकटीकरणं शतकानुशतकं झाली, काहींना ख्रिस्तसभेनं मान्यताही दिली, पण ती श्रद्धेच्या ठेव्याचा भाग होत नाहीत. ख्रिस्ताचं प्रकटीकरण सुधारणं किंवा पुरं करणं हे त्यांचं काम नाही, एखाद्या काळात ते अधिक मनापासून जगायला मदत करणं एवढंच. एखादा कॅथलिक लूर्दचं दर्शन मानत नसेल तरी तो पूर्ण कॅथलिकच राहतो. हे ऐकून आपल्याकडे पुष्कळांना धक्का बसतो, म्हणून स्पष्ट लिहितो.

लूर्दची बर्नादेत नीट पाहण्यासारखी आहे. 1858 मध्ये चौदा वर्षांच्या या मुलीला अठरा वेळा दर्शन झालं. घर इतकं गरीब की जुन्या तुरुंगाच्या एका खोलीत सगळे राहत. लोक पैसे देऊ करत; तिनं ते घेतले नाहीत. पोलिसांनी आणि धर्मगुरूंनी तिची उलटतपासणी केली. तिनं जे पाहिलं तेवढंच सांगितलं. बिशपांनी चौकशी करून मान्यता दिली ती 1862 मध्ये. बर्नादेतनं कुणालाही शाप काढून दिला नाही, कुणाच्या घरात काय आहे हे सांगितलं नाही, आणि पुढं एका कॉन्व्हेंटात आजाऱ्यांची सेवा करत गुमनाम राहिली.

मे 2024 मध्ये रोमनं अशा घटनांच्या चौकशीचे नवे नियम काढले. आता साधारणपणे "हे दैवी आहे" असा निर्वाळाच दिला जात नाही. फार तर हरकत नाही असं सांगितलं जातं, आणि तेव्हाही श्रद्धाळूंवर ते मानण्याची सक्ती नसते. पैसा, सत्ता, प्रसिद्धी यांच्यामागे उघड धावणं ही खोटेपणाची खूण धरली आहे. आणि एक कलम आपल्या प्रत्येक धर्मग्रामाच्या फलकावर लागावं असं मला वाटतं : दैवी अनुभवाचा दावा करून दुसऱ्यावर ताबा मिळवणं किंवा त्याचं शोषण करणं हा विशेष गंभीर नैतिक अपराध मानावा. महाराष्ट्राने 2013 मध्ये जादूटोणाविरोधी कायदा केला तो याच दुखण्यावर.

तेव्हा "आपल्या घरावर शाप आहे" असं ऐकून आलेल्या ताईंना माझं सरळ उत्तर आहे. ताई, ते मानायचं तुमच्यावर काहीही बंधन नाही. कुणाच्याही दृष्टांताला तुमच्या विवेकावर हुकूम चालवता येत नाही. तुमच्याबद्दल देवाला जे सांगायचं ते त्याचं क्रुसावर सांगून झालं आहे, आणि त्यात शापाचा शब्द नाही. मंगळसूत्र गहाण टाकून दान देऊ नका. हेच उत्तर मी आपल्या कॅथलिक घरांतल्या मोबाइलवर फिरणाऱ्या त्या संदेशांनाही देतो : तीन दिवसांचा काळोख येणार, अमुक मेणबत्ती पेटेल, दहा जणांना पाठवा. प्रार्थनासभांमधली सगळी माणसं लबाड आहेत असं मी मुळीच म्हणत नाही. तिथं दुःखी माणसाचा हात कुणीतरी धरतं, त्याच्या नावानं कुणीतरी रडतं, आणि आपल्या धर्मग्रामांत हे कमी पडतं म्हणूनच आपली माणसं तिकडे वळतात. हे आपण मान्य केलं पाहिजे.

मग माझ्या रोजच्या निर्णयांत देव मला काहीच सांगत नाही का? सांगतो, पण त्याची रीत वेगळी आहे. लोयोलाचे इग्नेशियस 1522 मध्ये मनरेसा गावी काही महिने राहिले, तिथं अतिशय खचले, आणि त्या अनुभवातून त्यांनी मनातल्या हालचाली पारखण्याचे नियम लिहिले. त्यांतले दोन आपल्या जिल्ह्यात तोंडपाठ असावेत. मन उदास, अंधारलेलं असताना आधी केलेला चांगला निश्चय कधीही बदलू नका. आणि वाईटाला सगळ्यांत जास्त आवडतं ते गुपित, म्हणून मनात जे घोळतंय ते शहाण्या माणसाजवळ बोला. कर्जापायी ज्या जिल्ह्यात इतक्या घरांतली माणसं गेली, तिथं हे दोन नियम धर्मशास्त्राच्या पुस्तकातच राहून चालणार नाही. देवाचा आवाज माणसाला एकटं पाडत नाही, घाईला लावत नाही, लपवायला सांगत नाही.

एक अवघड प्रश्न उरतो आणि तो टाळून पुढं जाणं अप्रामाणिकपणाचं होईल. पवित्र आत्मा ख्रिस्तसभेला चालवतो, तर 1560 मध्ये गोव्यात धर्मसमीक्षण, म्हणजे इन्क्विझिशन, कसं सुरू झालं? ते 1812 पर्यंत कसं टिकलं? ख्रिस्ती झाल्यावरही जात का सुटली नाही? यावर कॅथलिक शिकवण असा दावा करत नाही की ख्रिस्तसभेतल्या प्रत्येकाची प्रत्येक कृती देवप्रेरित आहे. दावा एवढाच आहे की प्रेषितांकडून आलेला विश्वास ती हरवून बसणार नाही. त्या विश्वासाविरुद्ध वागण्याची मुभा माणसांना असते आणि माणसं ती वापरतात. मार्च 2000 मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी, सत्याच्या नावानं झालेल्या जबरदस्तीसह, ख्रिस्तसभेच्या लेकरांच्या पापांबद्दल देवाची जाहीर क्षमा मागितली. डिसेंबर 2016 मध्ये भारतीय बिशपांच्या परिषदेनं दलित सबलीकरणाचं धोरण जाहीर केलं आणि ख्रिस्तसभेतला जातिभेद मान्य केला. फार उशीर झाला, हे माझं मत आहे. ज्या शुभवर्तमानानं आपल्याला दोषी ठरवलं ते पहिल्या शतकापासून आपल्याच हातात होतं. नव्या प्रकटीकरणाची गरज नव्हती, असलेलं ऐकायची होती.

इतर धर्मांत देव बोलतो का, यावर थोडंच लिहितो, कारण त्याला वेगळं पुस्तक लागेल. परिषदेची तिसरी बैठक संपल्यावर, डिसेंबर 1964 मध्ये, पोप सहावे पॉल मुंबईला आले आणि इतर धर्मांच्या प्रतिनिधींपुढे त्यांनी उपनिषदातली असत्याकडून सत्याकडे नेण्याची प्रार्थना आदरानं म्हटली. पुढच्या वर्षी परिषदेनं जाहीर केलं की या धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे ते ख्रिस्तसभा नाकारत नाही. ख्रिस्तात सगळं सांगून झालं असं मानणारा माणूस दुसऱ्याच्या ओंजळीतला प्रकाश पाहून घाबरत नाही. वारकरी काकांशी बोलताना हे लक्षात असू द्यावं.

पुस्तकात आठ प्रकरणं आहेत. ज्यांना घाई आहे त्यांनी पाचवं, खासगी दर्शनांवरचं, आधी वाचलं तरी चालेल. प्रत्येक प्रकरणाआधी बायबलातला जो उतारा दिला आहे तो मात्र वगळू नका; पुस्तक राहिलं तरी चालेल, तो उतारा वाचा, शक्यतो मोठ्यानं आणि घरातल्या कुणाला तरी बसवून. जिथं पटणार नाही तिथं समासात पेन्सिलीनं प्रश्न लिहा आणि तो फादरांना, धर्मशिक्षकांना विचारा. फादरांना उत्तर येत नसेल तर दोघं मिळून शोधा. आणि तुमच्या ओळखीत कुणी शापाच्या भीतीनं गाठीचे पैसे मोडायला निघालं असेल, तर हे पुस्तक बाजूला ठेवा आणि आधी त्या घरी जाऊन या.